एअर रायफलला स्कोप घेताना: आधी अंतर, मग काच

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,
मी चिपळूणजवळच्या एका गावात शिक्षक आहे. वय ५२, बायफोकल चष्मा आहे. गेल्या दिवाळीत .१७७ इंच बोअरची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल घेतली. घरामागच्या परड्यात दहा ते पंचवीस मीटरवर कागदी टार्गेट लावून रविवारी नेमबाजी करतो. नळीवरची साइट आता नीट दिसत नाही, म्हणून स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, घ्यायचा विचार आहे. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार ६-२४×५० चा, म्हणजे सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर काचेचा, स्कोप दाखवतो आणि म्हणतो, जितका मोठा तितका चांगला. एका मित्राकडे त्याच्या .२२ रायफलवरून उतरवलेला जुना स्कोप पडून आहे, तो फुकट देतोय. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीलाही नेमबाजीचा नाद लागला आहे आणि तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं आहे. तिला हाच स्कोप चालेल की वेगळा घ्यावा? आणि लाल ठिपक्याची साइट कशी असते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन माणसांचे प्रश्न एकत्र आले आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. तुम्ही स्कोप घ्या. मुलीसाठी घेऊ नका. तुमच्यासाठीही दुकानदाराने दाखवलेला नको आणि मित्राचा फुकटचा तर नकोच. ३-९×४० किंवा ४-१२×४० यांपैकी एखादा बघा. त्यावर अंतर जुळवायची रिंग हवी, ती दहा मीटरपर्यंत खाली यायला हवी आणि तो स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी बनवलेला आहे असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं हवं. कारणं सविस्तर सांगते, म्हणजे दुकानात उभं राहिल्यावर कुणाच्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही.

मुलीचं आधी सांगते, कारण तिथे पैसेही वाया जातील आणि सवयही चुकीची लागेल. १० मीटर एअर रायफल या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावता येत नाही. हा आयएसएसएफ या नेमबाजीच्या जागतिक महासंघाचा नियम आहे आणि आपली राष्ट्रीय रायफल संघटनाही त्याच नियमांनी हा प्रकार खेळवते. (या संघटनेची स्थापना १९५१ची आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. देशभरच्या नेमबाजांना मावळंकर स्पर्धा हे नाव ठाऊक असतं ते त्यामुळे.) स्पर्धेची रायफल पीप साइटवर चालते. मागे बारीक भोक असलेली चकती, पुढे नळीच्या टोकाशी झाकलेल्या नळकांड्यात एक कडं. डोळा भोकातून बघतो आणि टार्गेटचं काळं वर्तुळ त्या कड्याच्या बरोबर मध्ये आणतो. काळ्याभोवतीची पांढरी फट सगळीकडून सारखी दिसली की नेम लागला. लांबचं जवळ आणणारं काहीही त्यात नसतं. भोक बारीक असल्यामुळे पुढचं कडं आणि लांबचं टार्गेट दोन्ही पुरेसं रेखीव दिसतं आणि डोळा आपोआप भोकाच्या मध्यावर येतो.

काच नाही म्हणजे हे साधन कमी प्रतीचं, असं तुम्हाला किंवा मुलीला वाटू देऊ नका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), पीप साइटवर. त्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, तीही अशाच साइटवर. तुमच्या मुलीच्या १० मीटरच्या टार्गेटवर तर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. इतका बारीक ठिपका तिथे कुणी डोळ्याने टिपत नाही. सगळे काळ्या वर्तुळावर नेम धरतात आणि दहा त्याच्या मध्यात सापडतो.

धावत्या टार्गेटवरच्या एअर रायफलला मात्र दुर्बीण चालते, तीही चारपटीपर्यंतच. हा प्रकार १९९२ ते २००४ ऑलिंपिकमध्ये होता, नंतर वगळला गेला. जिल्हा स्पर्धेशी त्याचा संबंध नाही.

शिकण्याच्या वयात स्कोपचं आणखी एक नुकसान होतं. तेरा वर्षांच्या मुलीने शिकायचं असतं ते उभं राहणं, हाडांवर वजन तोलणं, श्वास थांबवण्याची वेळ आणि चाप न हिसकता मागे घेणं. स्कोपमध्ये तिला स्वतःच्या हाताची थरथर कितीतरी पट मोठी दिसते. मग मूल क्रॉस, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, स्थिर होण्याची वाट बघत बसतं आणि तो मध्यावरून सरकताना दिसला की घाईने चाप ओढतं. ही खोड एकदा लागली की घालवायला फार काळ जातो. पीप साइटमध्ये थरथर असतेच, पण ती लहान दिसते. मुलगी ती स्वीकारते आणि चाप हळूहळू दाबायला शिकते.

तेव्हा तिला जवळच्या नेमबाजी क्लबमध्ये घेऊन जा आणि क्लबची रायफल वापरू द्या. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. तिने कुठल्या गटातून सुरुवात करावी हे तिला पाहून प्रशिक्षकच ठरवतील. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ यांच्या स्पर्धेच्या रायफली महाग असतात आणि वाढत्या वयात दस्त्याची लांबी, गालाची उंची सारखी बदलावी लागते. पहिल्याच वर्षी विकत घ्यायचा विचार करू नका. एक गोष्ट घरात आत्ताच सांगून ठेवा. तुमची स्प्रिंगची रायफल छर्रा न भरता कुणी झाडायची नाही. छर्रा नसला की पिस्टनसमोर हवेची उशी धरत नाही, तो थेट पुढच्या भिंतीवर आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. चापाचा कोरडा सराव क्लबच्या रायफलवर करता येतो, कारण तिच्यात तशी सोय असते.

आता तुमच्याकडे येते. नळीवरच्या उघड्या साइटने नेम धरताना डोळ्याला मागची खाच, पुढची काडी आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि ते जमेनासं होतं. तुम्हाला साइट दिसत नाही याचं कारण हेच आहे आणि त्याने खट्टू होऊ नका. स्कोप टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉस एकाच पातळीवर आणून ठेवतो, त्यामुळे डोळ्याला एकाच ठिकाणी बघावं लागतं. तुमच्या वयाच्या माणसाला स्कोपचा खरा फायदा हाच आहे. टार्गेट मोठं दिसणं हा वरचा लाभ. म्हणून दुकानदाराचं ‘जितका मोठा तितका चांगला’ तुमच्या गरजेला लागूच पडत नाही.

स्कोप विकत घेताना बहुतेक लोक पहिल्यांदा पट बघतात. तुम्ही पट सगळ्यात शेवटी बघा. पहिली चौकशी तुमच्या रायफलचा धक्का सोसण्याची करा आणि दुसरी दहा मीटरवर काच स्वच्छ जुळण्याची. या दोन चाळण्यांतून दुकानातले निम्मे स्कोप आपोआप गळून पडतील.

धक्क्याचं नीट समजून घ्या. बारुदाच्या रायफलला धक्का एकाच दिशेने, मागे बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये चाप दाबला की जड पिस्टन वेगाने पुढे सुटतो, तेव्हा रायफल मागे ढकलली जाते. क्षणात पिस्टन शेवटाला पोहोचून थांबतो आणि तीच रायफल झटक्याने पुढे उसळते. हा उलटा झटका स्कोपचा घात करतो. मोठ्या बोअरच्या रायफलसाठी बनवलेले महागडे स्कोपही इथे मोडलेले आहेत, कारण त्यांच्या आतली भिंगं आणि क्रॉस मागच्या धक्क्यासाठीच पक्के बसवलेले असतात. आधी झिरो, म्हणजे क्रॉस आणि छर्रा एकाच बिंदूवर आणणारी जुळणी, इकडेतिकडे सरकू लागतो, मग क्रॉस तिरका होतो आणि एके दिवशी आतलं भिंग सैल होऊन हलवल्यावर खुळखुळतं. मित्राचा स्कोप नको म्हणाले त्याचं हे पहिलं कारण. .२२ रायफलचा धक्का इतका सौम्य असतो की त्या स्कोपला आजवर काही सोसावं लागलेलंच नाही.

दुसरं कारण पॅरॅलॅक्स. रिक्षात मागच्या सीटवरून चालकाच्या मीटरचा काटा बघितला तर तो खऱ्या आकड्याच्या बाजूला दिसतो, कारण काटा आणि आकडे वेगवेगळ्या पातळीवर असतात आणि आपण तिरके बघत असतो. स्कोपमध्येही असंच होतं. टार्गेटची प्रतिमा क्रॉसच्या पातळीवर पडली नाही तर डोळा जरा हलताच क्रॉस टार्गेटवरून सरकतो, रायफल मात्र जागची हललेली नसते. साधे स्कोप कारखान्यातच एका ठरावीक अंतराला जुळवलेले असतात. मोठ्या रायफलचे बहुतेक १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला, आणि .२२ चे त्याहून कमी अंतराला. १०० यार्डांचा ४० मिलिमीटर काचेचा स्कोप दहा मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला तर चूक जवळपास १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. १० मीटर टार्गेटचं सगळं काळं वर्तुळच ३०.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे तुम्ही मध्यावर नेम धरला असं समजाल आणि छर्रा काळ्याच्या बाहेर जाईल. रोज इतकं होत नाही, कारण गाल साधारण त्याच जागी टेकतो. पण अर्धा सेंटीमीटर सहज जातो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. शिवाय त्या अंतरावर चित्र धूसर दिसतं ते वेगळंच.

म्हणून अंतर जुळवायची सोय असलेलाच स्कोप घ्या. ती रिंग पुढच्या काचेभोवती असते, तिला एओ म्हणतात. काही स्कोपला तीच सोय डाव्या बाजूच्या चाकावर असते. रिंगवरचा सगळ्यात लहान आकडा वाचा. तो १० यार्ड किंवा त्याहून कमी हवा. कित्येक स्कोपवर २५ किंवा ५० च्या खाली आकडाच नसतो. ते तुमच्या कामाचे नाहीत. दुकानात शक्य असेल तर स्कोप काउंटरवर टेकवून आठ-दहा मीटरवरचं एखादं लेबल बघा, रिंग फिरवून ते स्वच्छ करा आणि स्कोपला हात न लावता डोकं वरखाली, डावीउजवीकडे थोडं हलवा. क्रॉस लेबलवर जागच्या जागी राहिला तर ठीक. रिंगवरचे छापलेले आकडे अंदाजे असतात, त्यांच्यापेक्षा या परीक्षेवर विश्वास ठेवा.

इतकं पटलं की पटींकडे या. तुमच्या २० मीटरवर सहा-सात पट पुरेशी आहे. साडेचार मिलिमीटरचं भोक तिथून स्वच्छ दिसतं. २४ पट लावली तर नाडीचा ठोकासुद्धा क्रॉसवर दिसेल, बघण्याचं क्षेत्र इतकं आक्रसेल की टार्गेट शोधतानाच दमून जाल आणि उजेडही कमी पडेल. उजेडाचा हिशोब सोपा आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० ला ८ ने भागलं तर ५ मिलिमीटर, ५० ला २४ ने भागलं तर जेमतेम २. भर उन्हात बाहुली दोन ते चार मिलिमीटर असते, संध्याकाळी ती मोठी होते. झोत २ मिलिमीटरचाच असला तर डोळा जरा हलताच चित्र काळं होतं, आणि बायफोकलवाल्या माणसाला डोळा त्या झोतात धरून ठेवणं कष्टाचं जातं. ५० मिलिमीटरची मोठी काच बसवायला माउंटही, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकडही, उंच लागतो, मग गाल दस्त्यावर टेकत नाही.

मोठ्या पटीच्या स्कोपची खरी जागाही सांगते, नाहीतर दुकानदारावर अन्याय होईल. फील्ड टार्गेट या खेळात पन्नास मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर लोखंडी पाडायची टार्गेट असतात आणि अंतर कुणी सांगत नाही. तिथले नेमबाज पट चढवून, बाजूचं चाक फिरवून, चित्र कुठे स्वच्छ होतं त्यावरून अंतर काढतात. रायफल टेबलावर ठेवून मारायच्या बेंचरेस्टमध्येही मोठ्या पटी लागतात. तुमच्या परड्यात अंतर तुम्हीच पावलांनी मोजलेलं असतं.

लाल ठिपक्याची साइट, म्हणजे काचेत उजेडाचा लाल ठिपका दाखवणारी, तुम्हाला नको. तिच्यात पट नसते. नेहमीचा ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका दहा मीटरवर जवळजवळ ९ मिलिमीटर झाकतो, छऱ्याच्या दुप्पट. डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर ठिपका गोल न दिसता फाटलेला दिसतो. क्रॉसमध्ये दिवा लागणाऱ्या स्कोपलाही जादा पैसे देऊ नका. तुम्ही दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर नेम धरता, तिथे काळा क्रॉस उत्तम दिसतो. क्रॉस साधा, मध्ये बारीक आणि कडेला जाड असा घ्या. ठिपक्यांचा मिल-डॉटही चालेल, पण स्वस्त स्कोपमध्ये त्या ठिपक्यांचं माप एका ठरावीक पटीवरच खरं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

काचेवर ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असेल तर चांगलं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परततो आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात. नळीत नायट्रोजन भरून ती बंद केलेली हवी. कोकणात राहणाऱ्या माणसाने या अटीवर तडजोड करू नये. जून ते सप्टेंबर तुमच्याकडची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. ओल आत शिरली की काचेवर बुरशीचे धागे पसरतात आणि ते लेपच खातात. पावसाळ्यात रायफल फोमच्या बंद पेटीत ठेवून देऊ नका, फोम ओल धरतो. हवेशीर कपाटात कुलूपबंद ठेवा आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून वाळवत जा. काच पुसताना आधी ब्रशने धूळ उडवा, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने पुसू नका.

माउंटकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि स्प्रिंगच्या रायफलवर निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. आधी रायफलच्या पाठीवरची खाच मोजा. एअर रायफलला बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते. जवळजवळ दुप्पट रुंदीचे वीव्हर किंवा पिकाटिनी माउंट तिथे बसत नाहीत. स्कोपच्या नळीचा व्यास एक इंच असेल तर रिंगही एक इंचाची, ३० मिलिमीटर असेल तर तिची. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या आणि त्याला खाली स्टॉप पिन असल्याची खात्री करा. रायफल पुढे उसळते तेव्हा स्कोप जागच्या जागी राहू बघतो आणि माउंटसकट थोडा थोडा मागे घसरतो. रायफलच्या पाठीवर भोक असतं त्यात पिन बसली की घसरणं थांबतं. स्क्रू आळीपाळीने, समान आवळा. हिसका देऊन आवळलात तर नळी दबते आणि आतली हालचाल अडकते.

डोळा आणि मागची काच यांत साधारण ७५ ते १०० मिलिमीटर अंतर लागतं. चष्मा घालूनच हे अंतर ठरवा आणि चष्म्याच्या वरच्या, लांबच्या भागातून बघायची सवय करा. मग स्कोप पांढऱ्या भिंतीकडे धरून डोळ्याजवळची रिंग फिरवत क्रॉस रेखीव करा. टक लावून बघत राहू नका, डोळा त्या धूसरपणाशी जुळवून घेतो आणि फसवतो. एक नजर टाका, बाजूला बघा, रिंग किंचित फिरवा, पुन्हा बघा. हे एकदाच करायचं. टार्गेटचं अंतर जुळवणारी रिंग वेगळी, तिला दर अंतराला हात लावायचा. आणि स्कोपमधून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. घरातल्या मुलांना हे बजावून सांगा.

झिरो २० मीटरवर करा. तुमच्या रायफलचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास जात असेल आणि स्कोपचा मध्य नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर असेल, तर २० मीटरला झिरो केलेला छर्रा १० ते २५ मीटरमध्ये कुठेही साधारण एक सेंटीमीटरच्या आत राहतो. पाच मीटरवर मात्र तो दोन सेंटीमीटरहून जास्त खाली लागेल. त्यात स्कोपचा दोष नाही, काच नळीच्या वर बसलेली आहे म्हणून तसं होतं. सुरुवात दहा मीटरवर करा म्हणजे पहिले छर्रे कागदावर तरी सापडतील. क्लिक म्हणजे नेम सरकवणाऱ्या, स्कोपवरच्या चकतीचा एक टप्पा. तिचा हिशोब असा: पाव एमओएची एक क्लिक २० मीटरवर सुमारे दीड मिलिमीटर सरकवते. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांचा पुंजका, तीन सेंटीमीटर खाली लागत असेल तर वीसेक क्लिक वर. एका छऱ्यावरून क्लिक फिरवत बसू नका, पाच मारून त्यांचा मध्य बघा.

वरची क्लिक संपली तरी छर्रा खालीच लागत असेल तर घाबरू नका आणि स्कोप परत करायला धावू नका. नळी मोडून भरायच्या कित्येक रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. त्यासाठी मागे उंच असलेले खास माउंट मिळतात. हे दुकानदाराला माहीत नसलं तर तुम्हीच सांगा.

ग्रुप विस्कटला तर क्रमाने तपासा. आधी दस्त्याचे स्क्रू, ते या रायफलींत सतत सैल होतात. मग माउंटचे स्क्रू. मग छर्रे, एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे वापरा, कारण प्रत्येक नळीला मानवणारा छर्रा वेगळा असतो. आणि हाताची पकड. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून किंवा लाकडावर टेकवून मारली की दरवेळी वेगळ्या तऱ्हेने उसळते. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर तिला नुसती विसावू द्या आणि दरवेळी तळवा त्याच जागी ठेवा. हे सगळं करून पाहिल्यावरच स्कोपवर संशय घ्या.

परड्याबद्दल एक काळजी. टार्गेटमागे चिऱ्याचा गडगा असेल तर तिथे थेट मारू नका. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटतो आणि दहा मीटरवरून डोळ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागत नाही. जाड फळ्यांची पेटी करून तीत जुने कपडे ठासून भरा, कागद तिच्यावर लावा, आणि मारणाऱ्याने व बघणाऱ्याने दोघांनीही डोळ्यांवर चष्मा ठेवा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तेव्हा बिल आणि त्यावरचा तपशील जपून ठेवा. स्कोप लागल्यावर लांबची डहाळीसुद्धा जवळ दिसते आणि कुणीतरी माकड किंवा पक्षी दाखवतं. तिकडे रायफल वळू द्यायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

झिरो मनासारखा झाला की २० मीटरवर पाच छऱ्यांचा एक ग्रुप मारून त्या कागदावर तारीख, छऱ्यांचं नाव आणि वजन, पट आणि एओच्या रिंगवरचा आकडा लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर पहिल्या रविवारी त्याच छऱ्यांनी, त्याच पटीवर पुन्हा पाच मारा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. ग्रुप तसाच घट्ट असून नुसता बाजूला सरकला असेल तर क्लिकने परत आणा. ग्रुपच फाकला असेल तर दस्त्याच्या स्क्रूंपासून तपासणी सुरू करा. तेव्हाही उलगडा झाला नाही तर दोन्ही कागदांचे फोटो मला पाठवा.